मागील पानावरून पुढे

आण्णा गेल्यावर आम्हा दोघा भावांत वाटणीवरून भांडण झालं नाही. हा आमच्यावरच्या संस्कारांचा विजय असल्याचं नातेवाईक सांगतात. खरं कारण असं की वाटण्यासारखं काही नव्हतंच. घर आईच्या नावावर, शेत आजोबांनीच फुंकून टाकलेलं, पुस्तकं वाचनालयाला दिलेली. उरला एक आयपॉड. तो थोरल्यानेच अमेरिकेहून आणलेला. दिलेली वस्तू परत घेऊ नये म्हणून माझ्या वाट्याला आला. आला म्हणजे आईच्या उशाशी होता तिथेच राहिला, फक्त त्याच्या बिघाडाची जबाबदारी माझ्याकडे आली. बँकेत ह्याला चार्ज घेणं म्हणतात.

थोरला, म्हणजे आमचा दादा, १९९९ साली अमेरिकेला गेला. तेव्हा जगातल्या तमाम संगणकांना दोन हजार साल पेलवेल की नाही अशी धास्ती पडली होती, आणि ती निस्तरायला अहमदपूरहून माणूस न्यावा लागला याचा आण्णांना फार अभिमान होता. २००६ च्या उन्हाळ्यात दादा आला तो हा पांढरा आयपॉड घेऊन. पत्त्यांच्या जोडाएवढा, आरशासारखी चकचकीत पाठ, पोटावर गोल चाक. ॲपल कंपनीने पहिला आयपॉड २००१ च्या ऑक्टोबरात काढला तेव्हा त्यात पाच जीबीची तबकडी होती आणि खिशात हजार गाणी मावतात एवढीच बढाई होती. आमचा पाचव्या पिढीतला, तीस जीबीचा; कंपनीच्या हिशेबाने साडेसात हजार गाण्यांचा. दादाने चार हजार दोनशे बारा भरून आणली होती. आण्णांनी चाकावर अंगठा ठेवला आणि जपमाळ ओढावी तसा फिरवला. हायस्कुलात तेहतीस वर्षं मराठी शिकवलेल्या ह्या माणसाला कुकरची शिट्टी बसवता येत नसे. हे यंत्र मात्र त्यांना पहिल्या दिवसापासून आलं.

आता आण्णांची अभिरुची. ती सगळ्या अहमदपूरला ठाऊक होती, कारण आण्णा ती ऐकवत. संगीत बालगंधर्वांपाशी सुरू होतं, भीमसेन-कुमारांपाशी संपतं, आणि पुढचं सगळं 'आवाज'. शाळेच्या स्नेहसंमेलनात एका वर्षी मुलींनी सिनेमातली लावणी बसवली, तेव्हा आण्णांनी रंगीत तालमीतच पडदा पाडला होता. माळेगावची यात्रा आमच्यापासून काही लांब नाही. खंडोबाच्या दर्शनाला जायला त्यांची मुलांना परवानगी असे, पण लावणीच्या फडाकडे जाणाऱ्या वाटेचा भूगोलही वर्गात निघता कामा नये असा दंडक होता.

मागच्या दिवाळीत आयपॉड बसला. आधी टक्‌-टक्‌ असा आवाज, मग पडद्यावर एक रडका चेहरा. दादाला व्हिडिओवर दाखवलं. तो म्हणाला, "डिस्क गेली. वय झालं तिचं." मग त्याने उपाय सांगितला. तबकडी काढायची, तिच्या जागी एक छोटं अडॅप्टर बसवायचं आणि त्यात मेमरी कार्ड खुपसायचं. "तीसच्या जागी दोनशे छप्पन्न जीबी टाकू. आता जागाच जागा! माझ्याकडची सगळी चाळीस हजार गाणी भरून टाक."

मला कर्जदाराच्या चेहऱ्यावरचा आनंद ओळखता येतो. मर्यादा वाढवून मिळाली की माणूस असाच बोलतो. पण ह्या यंत्राची कामचलाऊ स्मृती अवघी बत्तीस एमबी. गाण्यांची यादी त्यातच उघडावी लागते, आणि यादी फार लांबली की ते गुदमरतं. एका कारकुनासमोर सगळ्या लातूर जिल्ह्याची खाती मांडून वर 'पंखा मोठा बसवलाय' म्हणण्यातला प्रकार. शिवाय चाळीस हजार गाणी म्हणजे, चार मिनिटांचं एक धरलं तर, रोज दोन तास ऐकून साडेतीन वर्षांवर. आई ऐंशीच्या घरात. मी दादाला म्हटलं, आधी आहे ते वाचवू.

तबकडी मधूनच शुद्धीवर येत असे. एका रविवारी संध्याकाळी तिने डोळे उघडले, संगणकाने आयपॉडला ओळख दाखवली आणि आण्णांची चार हजार दोनशे बारा गाणी रांगेने माझ्यासमोर उभी राहिली. प्रत्येकापुढे तीन रकाने: किती वेळा वाजलं, किती वेळा मध्येच पुढे ढकललं, शेवटचं कधी वाजलं. पासबुकच.

इथून पुढे हे परीक्षण आहे. माझ्या हातात आस्वादक वगैरे समीक्षेची लेखणी नाही, मी बी.कॉम. आहे. मी 'किती वेळा वाजलं' ह्या रकान्यावर टिचकी मारून उतरता क्रम लावला.

पहिल्या ओळीवर 'पिंजरा'तली लावणी होती. तीनशे बारा वेळा.

भीमसेन जोशींचा पन्नास मिनिटांचा ख्याल शोधायला बरंच खाली जावं लागलं. वाजलं सहा, ढकललं एक्केचाळीस.

मी संगणकाचा पडदा जरा तिरका केला. आई पलीकडे गवार मोडत बसली होती.

'पिंजरा' १९७२ चा. व्ही. शांतारामांचा, राम कदमांचं संगीत, जगदीश खेबुडकरांची गाणी, उषा मंगेशकरांचा आवाज. श्रीराम लागू त्यात आदर्श मास्तर आहेत, सबंध गाव त्यांच्या शब्दात, आणि तमाशातल्या बाईपायी ते तमाशाच्याच फडात जाऊन पडतात. ह्याच्या मागे १९३० चा 'द ब्लू एंजल' हा जर्मन सिनेमा आहे, तिथेही मास्तरच. म्हणजे शिक्षकी पेशाची ही अडचण आंतरराष्ट्रीय आहे. पण ती तीनशे बारा पट होऊन आपल्याच घरात निघावी?

मुलगा म्हणून धक्का बसला तरी कारकून म्हणून मी शाबूत होतो. एवढा मोठा आकडा दिसला की आधी बेरीज तपासायची.

पहिली शंका मोजणीच्या पद्धतीची. हे यंत्र गाणं शेवटाला पोचल्यावरच नोंद करतं. आता पन्नास मिनिटांचा ख्याल आणि चार मिनिटांची लावणी एकाच नियमाने मोजायची म्हणजे मुदत ठेव आणि चहाची उधारी एका रकान्यात लिहायची. चाळीस मिनिटं मन लावून ऐकून माणूस जेवायला उठला तरी भीमसेनांच्या खात्यावर शून्य! ह्यात गाण्याची प्रत कळत नाही, फक्त लांबी कळते. आता स्पॉटिफायसारख्या ठिकाणी तीस सेकंद ऐकलं की नोंद होते, म्हणून हल्ली गाणं प्रस्तावनेत वेळ दवडत नाही. आधी तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकडीने नाट्यपदांची पानं अशीच कापली होती. मोजणारा बसला की गाणं त्याच्या मापाने शिवलं जातं. तेव्हा मिनिटांत हिशेब केला. भीमसेन सहा गुणिले पन्नास, पाच तास. लावणी तीनशे बारा गुणिले चार, जवळजवळ एकवीस तास. शंका रद्द.

उलट दुसऱ्या शंकेने भीमसेनांचं आणखी नुकसान केलं. आण्णा रात्री कानात घालून झोपत. झोपलेला माणूस गाणं पुढे ढकलत नाही. म्हणजे शेवटापर्यंत गेलेले ते सहा ख्याल बहुधा झोपेतले, आणि ढकललेले एक्केचाळीस जागेपणीचे.

तिसरी शंका वर्णमालेची. हिच्यावर माझी बरीच भिस्त होती. दादाने सगळी नावं रोमन लिपीत भरली आहेत आणि यंत्र गायकांना मुळाक्षरांवर बसवतं. त्यामुळे आमच्या आयपॉडमध्ये भारतीय संगीत आशा भोसल्यांपासून सुरू होतं, लगेच बालगंधर्व, मग भीमसेन, लता मध्यावर, आणि वसंतराव देशपांडे पार तळाशी, झाकीर हुसेनांच्या शेजारी. 'कट्यार'मधले खाँसाहेब भेटायला अंगठा दुखेस्तोवर चाक फिरवावं लागतं. अशा यादीत वरच्यांना फुकटचं गिऱ्हाईक मिळतं, हे आमच्या काउंटरवरही दिसतं. पण उषा मंगेशकर कुठे? यू मध्ये. वसंतरावांच्या उंबऱ्यावर. तिथवर कोणी चुकून जात नाही. तीनशे बारा वेळा तर नाहीच.

जाता जाता ह्या यादीवर एक कायमचा आक्षेप नोंदवून ठेवतो. आकाशवाणीवर निवेदिका गीत कोणाचं, संगीत कोणाचं, स्वर कोणाचा, असे तिघांना पाट मांडून मग गाणं लावायची. ह्या यंत्रात गायकाला खोली आहे, संगीतकाराला कोनाडा आहे (तो दादाने रिकामा ठेवलाय), आणि कवीला उंबरासुद्धा नाही. गीतरामायणातली ५६ गाणी आत आहेत, सुधीर फडके आहेत, गदिमा कुठेच नाहीत. त्यात 'शफल' नावाची सोय चालू राहिली तर रावण सकाळी मरतो आणि रामजन्म दुपारच्या चहाला होतो. १९५५-५६ मध्ये वर्षभर आठवड्याला एक अशी वाट पाहत ज्यांनी ते ऐकलं, त्यांना हे सांगू नये. कवीला जागा न देणारी गाण्यांची वही कितीही देखणी असली तरी ती मराठी माणसाने केलेली नाही, एवढं नक्की.

असो. चौथी शंका निघाली ती मात्र वजनदार होती. यंत्रात 'सर्वाधिक वाजलेली पंचवीस' अशी एक आपोआप बनणारी यादी असते. एखादं गाणं तिच्यात शिरलं की ते समोर दिसतं, समोर दिसतं म्हणून वाजतं, आणि वाजलं म्हणून आणखी वर सरकतं. चक्रवाढ व्याज. सुरुवातीला आण्णांनी समजा दहाच वेळा लावलं असेल. बाकीचे तीनशे दोन व्याजाचे. मला बरं वाटू लागलं. मग सहज तिसऱ्या रकान्याकडे पाहिलं.

शेवटचं वाजलं: मार्च २०२३.

आण्णा गेले २०१९ साली.

मी पडदा सरळ केला. "आई, तू हे ऐकतेस?"

"कोणतं रे?"

"हे. आण्णांचं."

"मग काय नुसतं चार्जिंगला लावून पूजा करू का त्येची?"

आई मराठी सातवीपर्यंत शिकलेली. रोमन लिपी तिला येत नाही. तिने यंत्राची वाट वेगळीच शोधली होती. चाक गोल असलं तरी आयपॉडची यादी गोल फिरत नाही, तळाला जाऊन थांबते. "पार शेवटाला जायचं, एक घर मागं यायचं, आन् मधलं बटन दाबत ऱ्हायचं. लागतंच." तळापासून एक घर वर म्हणजे नेमकी तीच पंचवीस गाण्यांची यादी. तिच्यातलं पहिलं म्हणजे ती लावणी. आई बटण दाबत होती आणि मास्तरांच्या खात्यावर लावण्या चढत होत्या.

बँकेत आमच्याकडे जोडखातं असतं, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर'. दोघांपैकी कोणीही, किंवा मागे राहील तो. पासबुकात तारीख येते, रक्कम येते; पैसे नवऱ्याने काढले की बायकोने, ते येत नाही. मागे राहिलेली माउली पुस्तक घेऊन काउंटरवर येते आणि विचारते, हे अमुक तारखेचे दोन हजार कशाचे हो? मी सांगतो, तुमच्याच खात्यातून गेले. ती म्हणते, ते दिसतंय की. आता काउंटरच्या बाहेरच्या बाजूला मी उभा होतो. तीनशे बारांत आण्णांचे किती, आईचे किती, पहिल्यांदा कोणी लावलं? समीक्षेचं काम इथे थांबतं, कारण लेखक कोण तेच ठरत नाही.

तरी विचारलं. "आण्णा ऐकायचे का हे?"

"वाजत तर होतं," आई म्हणाली. मग शेंगा बाजूला सारून म्हणाली, "तो सिनेमा पाहिला होता की आम्ही. नवं लग्न, दुष्काळातलं. नांदेडला. मास्तर फडात गेला अन् हे उठले. म्हणाले, चल. अर्ध्यातनं. शेवट काय झाला ते मला कोणी सांगितलंच नाही."

त्याच रात्री मी उताऱ्याला बसलो. गाणी वाचवायची असली तर ती आतल्या लपवलेल्या कप्प्यांतून काढावी लागतात. तिथे बालगंधर्वांपासून दादा कोंडक्यांपर्यंत सगळ्यांना नावाऐवजी चार रोमन अक्षरांचे बिल्ले दिलेले असतात; खरं नाव पोटात असतं, ते बाहेर आल्यावर उघडतं. पहाटेपर्यंत बहुतेक सारी आली. तीन कप्पे निघाले नाहीत. मग तबकडीने टक्‌ केलं आणि कायमचे डोळे मिटले. गाणी आली, पण रकाने आले नाहीत. ते वेगळ्या फायलीत राहतात आणि ती फाईल तबकडीबरोबर गेली. आमच्या शाखेत लेजरं जाऊन संगणक आला तेव्हाही हेच झालं होतं. खात्याची शिल्लक नव्या यंत्रात आली आणि ती कशी जमली ते जुन्या लेजरातच राहिलं. पण तिथे निदान लेजरं माळ्यावर होती. सुदैवाने मला खोड आहे. पहिले साठ आकडे मी संध्याकाळीच एका जुन्या रोजकीर्दीच्या मागच्या पानावर उतरवले होते. पण ते आकडे हाताने भरू म्हटलं तर यंत्र घेत नाही. आमच्याकडे अशा बेवारस रकमेला सस्पेन्स अकाउंट तरी असतं.

शस्त्रक्रिया बसस्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानात झाली. दादाने अडॅप्टर आणि कार्ड ओळखीच्या माणसाबरोबर पाठवलं होतं. दुकानातला मुलगा आयपॉडपेक्षा जेमतेम दोन-तीन वर्षांनी मोठा. त्याने तो उलटापालटा केला आणि पडद्यावर दोनदा बोट घासलं. "काका, ह्याला टच कामून नाही?" मी चाक दाखवलं. तो एक मिनिट नुसतं चाकच फिरवत राहिला. "लई भारी केलंय हो हे," तो म्हणाला. समीक्षा म्हणून माझ्या दोन हजार शब्दांपेक्षा ती सरस आहे.

पाचव्या पिढीच्या आयपॉडला बाहेरून स्क्रू नसतो. प्लास्टिकची पातळ पट्टी खाचेत घालून कडेच्या आकड्या एकेक सोडवायच्या. आणि उघडताना हिसका द्यायचा नाही, कारण बॅटरीची पट्टी आणि कानात घालायच्या वायरीच्या खोबणीची पट्टी पाठीला आणि पोटाला जोडलेल्या असतात. बॅटरीच्या खोबणीवर तपकिरी रंगाचं झाकण असतं, तांदळाच्या दाण्याएवढं. ते आधी उचललं नाही तर तुटतं. हे सगळं मी छापून नेलं होतं. पोराने कागद बाजूला ठेवला आणि श्वास धरून ते झाकण नखाने उचललं. मला त्याच्या वयात लॉकरची किल्ली फिरवता येत नव्हती.

आत निळ्या रबराच्या कडांत तबकडी निजलेली. बिस्किटाएवढी. मिनिटाला बेचाळीसशे फेरे घ्यायची ती. आजोबांच्या ग्रामोफोनची तबकडी ७८ घ्यायची. मधे कॅसेटची चाकं झाली, सीडी झाली. आमच्या घरातलं गाणं आजवर काही ना काही गरगरल्याशिवाय वाजलंच नव्हतं. कार्डात काहीच फिरत नाही. मुलाने ते बसवलं, काळी पट्टी खोबणीत सरकवली, पाठ दाबली. टक्‌टक्‌ आवाज आला, पण तो आकड्यांचा. जुनी तबकडी मी मागून घेतली. तो टाकून देत होता. बँकेच्या पाकिटात घालून वर तारीख घातली आहे. ती का ठेवली हे ऑडिटने विचारलं तर उत्तर नाही.

रात्री संगणकाला लावून यंत्र नव्याने सज्ज केलं, वाचलेली गाणी भरली. दोनशे छप्पन्नांतली सव्वादोनशेच्या वर जीबी जागा मोकळी आहे. दादा अजून चाळीस हजारांचा आग्रह धरून आहे. त्याला सांगितलंय, विचाराधीन आहे.

आईला नेऊन दिला. तिने शेवटाला जाऊन, एक घर मागे येऊन मधलं बटण दाबलं. यादी उघडली. रिकामी. कुठलंच गाणं एकदाही वाजलेलं नाही, तर सर्वाधिक वाजलेलं कुठून असणार?

"नीट कर म्हणलं होतं, धुऊन कामून टाकलंस?" आई म्हणाली.

मी तिला समजावू लागलो आणि समजावता येत नाही असं दिसल्यावर यंत्र हातात घेतलं. गायकांच्या यादीत चाक फिरवत निघालो. आशा, बालगंधर्व, भीमसेन, पुढे लता, पुढे कितीतरी, आणि वसंतरावांच्या अलीकडे थांबलो. एक गाठ तिच्या कानात घातली, एक माझ्या. लावणी लावली. एवढं एक शेवटापर्यंत वाजलं की ते यादीत येईल आणि तिची वाट पुन्हा सुरू होईल, असं मी तिला सांगायला लागलो.

"मधी बोलू नको," आई म्हणाली.